खडकदऱ्याचा धडा

माझ्या नवऱ्याने केरबाला मारलं तेव्हा आमची मुलगी शाळेत होती. म्हणजे लाल दोरीच्या रिंगणात उभी होती. आमची शाळा तीच.

आम्ही चौगुले, मूळचे इचलकरंजीचे. मी अश्लेषा, नवरा रणजित, मुलगी निशिगंधा, जिला सगळे निशी म्हणतात. घर सोडून चार वर्षं झाली होती. आमचं घर म्हणजे एक मोठी विजेवरची व्हॅन. त्यात झोपायला दोन फळ्या, एक ओटा, एक संडास आणि भांडायला अजिबात जागा नाही. तरी आम्ही भांडायचो. राग हा आमच्या दोन्ही घरचा जुना आजार आहे, त्यात माझ्या माहेरी जरा जास्तच.

लोक विचारायचे, पोरीला शाळेतून काढून असं गावोगाव हिंडवता, डोकंबिकं फिरलंय का? मी म्हणायची, हो, फिरलंय, आता जरा तिच्याशी बोलून बघा. दहा वर्षांची पोर तमिळ बोलायची, कन्नड बोलायची, होडीचं शीड बांधायची, मागावर बसून साडीचा पदर विणायची. लोकांची बोलती बंद व्हायची आणि मला त्याची मजा वाटायची.

करामत होती तिच्या कानामागे चिकटवलेल्या बटणाची. आपल्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे. आपण कुठे आहोत हे ओळखणाऱ्या पेशी तिथे असतात आणि नव्या आठवणी घडवायचं कामही तिथेच चालतं. माणूस कधी न बघितलेल्या जागी गेला की या पेशी खडबडून जाग्या होतात, मेंदूत काही रसायनं पाझरतात आणि थोडा वेळ आठवणी जास्त पक्क्या बसतात. म्हणून तर शाळेतला एकही गणिताचा तास आठवत नाही, पण सहलीला कोण कुठे ओकलं ते जन्मभर लक्षात राहतं. बटण तो थोडा वेळ लांबवायचं आणि कितीतरी खोल करायचं. नवी जागा आली की पाऊण तास मुलाचं मन ओल्या सिमेंटसारखं व्हायचं. समोर दिसेल ते त्यात उमटायचं आणि सुकायचं. ते नुसतं डोक्यात नाही, हातापायांत उतरायचं. कुंभार बघितला की हात कुंभाराचे. याला आम्ही ठसा म्हणायचो. अट एकच, जागा नवी पाहिजे. त्यामुळे आमच्यासारखी हजारो कुटुंबं वर्षानुवर्षं रस्त्यावर होती आणि सरकारनेही या फिरत्या शाळेला मान्यता देऊन टाकली होती.

आम्हा फिरत्या लोकांचे दोन नियम होते. नव्या ठिकाणी मुलाला उभं करायचं, भोवती जमिनीवर लाल दोरीचं रिंगण टाकायचं आणि पाऊण तास त्यात कुणालाही पाऊल ठेवू द्यायचं नाही. भाषेचा धडा नसेल तर मुलाच्या कानांवर आवाज अडवणारे जाड मफ चढवायचे. आईबापांनीही चकार शब्द काढायचा नाही. कुणी जवळ आलं तर हाताने थांबवायचं, ओठांवर बोट ठेवायचं. दुसरा नियम, मागे फिरायचं नाही. जिथे ठसा घेतला तिथे मुलाला पुन्हा न्यायचं नाही. का, ते कुणी विचारत नसे.

खडकदरा नांदेडच्या पुढे आहे. तिथल्या दगडखाणीत काळ्या खडकाचे थर उघडे पडलेत, एकावर एक, पोळ्यांच्या चवडीसारखे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा कसा वाहिला हे निशीला दाखवायचं होतं. खाणमालकाने फोनवर परवानगी दिली होती. ती त्याने खाणीतल्या माणसांच्या कानावर घातली नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं.

आम्ही कड्याच्या तळाशी रिंगण टाकलं. निशी मफ घालून खडकाकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळाने वरच्या वाटेने एक माणूस हात हलवत, ओरडत खाली येताना दिसला. पन्नाशीचा, डोक्याला लाल गमछा. तोच केरबा, खाणीचा मुकादम. दगड भरडणाऱ्या क्रशरच्या घरघरीत त्याचं काही ऐकू येत नव्हतं. रणजितने सवयीप्रमाणे तळवा दाखवला, ओठांवर बोट ठेवलं. मीही ठेवलं. तो थांबला नाही. तो धावत आला, थेट दोरीच्या आत शिरला आणि निशीच्या दंडाला धरून तिला खेचायला लागला.

रणजितच्या हातात व्हीलपाना होता. व्हॅनच्या चाकाचे नट तो नुकतेच आवळत होता. त्याने केरबाच्या पोटात गुडघा घातला. केरबा वाकला तसा पाना त्याच्या जबड्यावर आणला. हाड मोडल्याचा आवाज मला क्रशरच्या आवाजातही ऐकू आला. केरबा आडवा पडला, तरी त्याचा एक हात निशीच्या बुटाकडे जात होता. रणजितने त्या हातावर टाच ठेवली आणि फिरवली. आपण विडी विझवताना फिरवतो तशी. मी बघत होते आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. माझ्या पोरीला हात लावतो काय, हेच माझ्या डोक्यात होतं.

मग केरबाने दुसरा हात उचलला. तोंडातून रक्त आणि दात येत होते, बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने बोट दाखवलं. आमच्याकडे वळून बघत उभ्या असलेल्या निशीच्या मागे खडकात एक भोक होतं. त्यातून पिवळी वायर निघून वर गेली होती.

मी निशीला कमरेला धरून उचललं आणि पळत सुटले. रणजित मागून आला. वरून दोन मजूर धावत उतरले आणि त्यांनी केरबाला पायांना धरून फरफटत ओढून नेलं. आम्ही व्हॅनच्या आडोशाला पोचलो आणि सुरुंग उडाला. दगडांचा पाऊस पडला. एक दगड टप फोडून ओट्यावर येऊन पडला. धूळ खाली बसली तेव्हा आमची लाल दोरी जिथे होती तिथे ढिगारा होता.

"तो तिला बाहेर काढत होता," रणजित म्हणाला.

मजूर फावडी घेऊन आमच्याकडे यायला लागले. रणजितने गाडी सुरू केली. मीही थांब म्हटलं नाही.

पुढचा मुक्काम निर्मलला, लाकडी खेळणी बनवणाऱ्यांच्या वस्तीत होता. तिथे परुळेकर नावाचं दुसरं फिरतं कुटुंब उतरलं होतं. त्यांचा ईशान सात वर्षांचा. निशी रिंगणात उभी राहून खेळणीवाल्याचे हात बघत होती. ईशानचा चेंडू घरंगळत आत गेला आणि तो चेंडू घ्यायला दोरीच्या आत गेला.

निशीने खेळणीवाल्याच्या पुढ्यातली लाकडी हातोडी उचलली. आधी गुडघा, पोटात. पोर वाकलं तशी हातोडी जबड्यावर. ते पडलं तशी हाताच्या बोटांवर टाच, आणि टाच फिरवली. सगळं त्याच क्रमाने. बापाचा डावा खांदा मारताना जरा खाली जातो, तोसुद्धा तसाच खाली गेला. ईशानच्या आईने जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानांतून जात नाही.

मी निशीला व्हॅनमध्ये कोंडलं आणि तिच्यासमोर बसले. ती हात धुऊन आली होती. चेहरा शांत.

"का मारलंस गं त्याला?"

"मारलं नाही, आई. तो रिंगणात आला ना. कुणी आत आलं की असं करतात." तिने उठून मला टाच कशी फिरवायची तेही दाखवलं. शिडाची गाठ दाखवताना तिचा जो चेहरा असायचा, तोच होता.

राग असता तर मी ओळखला असता. रागाशी कसं वागायचं ते मला ठाऊक आहे, मी आयुष्यभर तेच करत आलेय. हे भलतंच होतं. पोरीला मारणं येत होतं, पदर विणणं येतं तसं. आणि दोरीची गरजही उरली नाही. बाजारात एका पेरूवालीने लाडाने निशीच्या दंडाला हात लावला, पेरूवालीच्या बरगडीत गुडघा बसला. मी वेणी घालायला मागून तिचा खांदा धरला, तर माझा पुढचा दात पडला. बटण काढून टाकलं तरी फरक पडेना. सुकलेल्या सिमेंटला त्याचं काय?

बटण बसवणाऱ्या केंद्रातल्या डॉक्टर सबनीस बाईंना मी फोन लावला. फोनवर मी बरंच काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हाला मागे फिरू नका म्हणून सांगतात, त्याचं कारण आहे," त्या म्हणाल्या. "कुठलीही आठवण पुन्हा जागी झाली की थोडा वेळ मऊ होते. आपल्या सगळ्यांची होते. बटण लावलेलं मूल ठशाच्या जागी परत गेलं तर तो ठसा पूर्ण विरघळतो आणि तेव्हा जे दिसेल ते त्याच्या जागी बसतं. चांगला ठसा असेल तर तो जातो, म्हणून मनाई. तुम्हाला तर तो घालवायचाच आहे."

"म्हणजे पुन्हा खडकदऱ्याला जायचं?"

"त्याच जागी, ती माणसं समोर असताना. आणि हे एकदाच जमतं. दुसऱ्यांदा बसलेला ठसा पहिल्याहून घट्ट असतो. तिथे काय दाखवायचं ते नीट ठरवून जा."

काय दाखवायचं ते रणजितने ठरवलं. तो केरबासमोर हात जोडून उभा राहणार होता. माफी मागणार होता. दोनचार थपडा बसतील, शिव्या बसतील, मग ते जा म्हणतील, असा त्याचा हिशोब होता.

"काहीही झालं तरी मी जोडलेले हात सोडणार नाही," तो म्हणाला. "तूही मध्ये पडायचं नाहीस. तू पडलीस तर पोरगी तेच शिकेल."

"मी काय दगड आहे?"

"त्या पाऊण तासापुरती हो."

खडकदऱ्यात आम्हाला बघून क्रशर बंद झाला. केरबा एका खाटेवर बसला होता. जबडा तारांनी आवळलेला, उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. शेजारी त्याचा धाकटा भाऊ मंचक, हातात फावडं. मी जुन्या जागेजवळ दोरी टाकली, निशीला हात न लावता आत उभं राहायला सांगितलं, मफ आणि बटण तिचं तिलाच लावायला दिलं. मग मी बाजूला झाले.

रणजित पुढे गेला आणि हात जोडले. "दादा, चुकलं माझं. तुम्ही माझ्या पोरीचा जीव वाचवत होता आणि मी तुमचा हात मोडला."

मंचक पुढे आला.

"आन आता हात जोडायलाव व्हय?" तो म्हणाला आणि त्याने रणजितच्या कानाखाली दिली.

रणजित हलला, पण हात जोडलेलेच होते. दुसरी बसली, तिसरी बसली. मला वाटलं, झालं, संपेल आता. मंचकने फावडं उलटं धरलं आणि दांडा बरगड्यांवर घातला. रणजित गुडघ्यांवर आला. त्याने हात पुन्हा जोडले. दांडा पाठीत बसला, मग मानेवर, मग डाव्या कानावर. कानातून रक्त आलं. दुसऱ्या एका मजुराने येऊन पोटात लाथ घातली. रणजित तोंडावर पडला, कोपरांवर उठला, गुडघ्यांवर बसला आणि बोटं एकमेकांना शोधत पुन्हा जोडली गेली.

माझ्या पायाशी एक घण पडलेला होता. मी तो उचलला असता तर मंचकचं डोकं फुटलं असतं, एवढी ताकद मला त्या वेळी होती. माझी नखं माझ्याच तळव्यांत रुतली होती. मी निशीकडे बघितलं. तिचे डोळे उघडे होते, पापणी हलत नव्हती. मी घणावर पाय ठेवून उभी राहिले आणि नवऱ्याला मरताना बघत राहिले. हो, मला तेव्हा तो मरतोय असंच वाटत होतं.

शेवटी केरबा खाटेवरून उठला. तारांमधून त्याचा आवाज कसाबसा बाहेर आला.

"बास कर, मंचक. लेकरू बघायलंय."

मंचक थांबला. केरबा रणजितजवळ आला आणि वाकून त्याच्याकडे बघितलं. "माफ नाही करीत मी तुला," तो म्हणाला. "जा. परत येऊ नगंस."

नांदेडच्या दवाखान्यात रणजितच्या चार बरगड्या बांधल्या आणि डावा कान गेला म्हणून सांगितलं. वॉर्डातल्या एका पोराने निशीच्या हातातलं केळं हिसकावलं. पण निशीने त्याला हात लावला नाही. मी संडासात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. आनंदाने रडले मी.

रणजितला हिंडणं शक्य नव्हतं, म्हणून जवळच्या पिंपळदरी गावात आम्ही एक खोली घेतली. शेजारच्या घरात दुर्पता नावाची नऊ वर्षांची पोर होती. धिप्पाड, उद्धट, नाकाला कायम शेंबूड. मला ती पहिल्याच दिवशी आवडली नव्हती.

एके दिवशी संध्याकाळी नळावरून पोरांचा गलका ऐकू आला. खेळत असतील म्हणून मी भाकऱ्या थापत बसले. मग कुणीतरी मोजायला लागलं आणि दर आकड्यागणिक एक फटका ऐकू यायला लागला. मी उठून गेले.

गावातली पोरं रांगेत उभी होती. रांगेच्या टोकाला माझी निशी गुडघ्यांवर बसली होती, हात जोडून. एकेक पोर पुढे येऊन चपलेने तिच्या तोंडावर मारत होतं आणि रांगेच्या मागे जात होतं. नाकातून रक्त ओघळून फ्रॉकवर आलं होतं. एक डोळा मिटला होता. फटका बसला की ती कलायची, सावरायची आणि हात पुन्हा जोडायची. बोटं एकमेकांना शोधायची ती रीतसुद्धा बापाचीच. पुढची चप्पल दुर्पताच्या हातात होती.

मी काय ओरडले ते आठवत नाही. पोरं पांगली. दुर्पताचे केस माझ्या मुठीत आले, माझा दुसरा हात वर गेला. तेवढ्यात निशीने माझ्याकडे बघितलं. वर गेलेला हात तिला दिसला. ती गुडघ्यांवरच माझ्याकडे वळली, गाल पुढे केला आणि माझ्यासमोर हात जोडले.

मी दुर्पताला सोडलं. खाली बसून निशीची बोटं एकेक करून सोडवली. मी सोडवायची आणि ती पुन्हा जोडली जायची. बराच वेळ आम्ही दोघी तेच करत बसलो होतो.

"निदान ती कुणाला मारत तरी नाही," रात्री रणजित हळूच म्हणाला.

"तिला येतंय काय दुसरं? तू दाखवलंस ते ती करते," मी म्हणाले. "आधी ते, आता हे. तिच्या मनातलं असं एक तरी काही केलंय का तिने या चार वर्षांत?"

त्याने उत्तर दिलं नाही. ऐकू आलं नसेल असं समजून मी पुन्हा, मोठ्याने विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "ऐकलं मी." आणि भिंतीकडे तोंड करून रडला.

सकाळी मी सबनीस बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आता काही करता येणार नाही, हा ठसा राहणार. एकाच जागी राहिलं तर झिजतो का, विचारलं. माहीत नाही म्हणाल्या, फिरतं मूल एका जागी राहिल्याचं कुणी तपासलेलंच नाही. मी घरमालकिणीच्या पाट्यावर बटण ठेवलं आणि वरवंट्याने ठेचून त्याचं पीठ केलं. व्हॅनची चाकं काढून विकून टाकली.

निशीला गावच्या शाळेत घातलं. तिथे तिला काही यायचं नाही. रात्री पाठ केलेला पाढा सकाळी विसरायची. रोज तोच फळा, तीच खिडकी, त्याच बाई, ठसा बसायला नवं काही नाही. बाईंनी मला बोलावून सांगितलं, तुमची मुलगी फार विसरते. मला इतका आनंद झाला की मी त्यांना पेढे नेऊन दिले. त्या बघतच राहिल्या.

हात मात्र जोडले जायचे. बाईंनी छडी आपटली की जोडले जायचे, कुणी मोठ्याने बोललं की जोडले जायचे. मी मध्ये पडायची नाही. दारात उभी राहून ओठ चावायची आणि बघायची. उन्हाळा गेला, पाऊसही येऊन गेला.

मग परवाची गोष्ट. नळावर नंबरावरून काहीतरी झालं आणि दुर्पताने निशीची घागर लाथेने उडवली. वर तिला ढकललं. मी दारातच होते. निशी चिखलात बसली. तिचे हात वर आले, बोटांनी बोटं शोधली, जोडली गेली. दुर्पता हसली. निशीने जोडलेल्या हातांकडे बघितलं. मग दुर्पताकडे बघितलं. मग घागरीकडे. घागर नवी होती.

तिने हात सोडले. उठली आणि दुर्पताला ढकलायला गेली. पण ढकलायचं कसं हे तिला कुणी दाखवलेलं नव्हतं. डोळे मिटलेले, दोन्ही हात वेडेवाकडे पुढे, पाय एकात एक. दुर्पता नुसती बाजूला झाली आणि निशी हवेत ढकलून तोंडावर आपटली. पडल्या पडल्या भोकाड पसरून रडायला लागली. चिखलाची मूठ भरून तिने दुर्पताकडे भिरकावली, ती उलट्या बाजूला गेली आणि माझ्या पायावर पडली.

मारामाऱ्या मी पुष्कळ बघितल्यात. पण इतकं वाईट ढकलणं मी जन्मात कधी बघितलं नव्हतं.